डबा न ढकलता सोडावा

दोरी, वजन आणि नाक. त्या प्रयोगाला पुस्तकात एवढंच साहित्य दिलं होतं, आणि या तिन्ही गोष्टी आपल्या घरात आहेत असं आजोबांना वाटलं. पुढचा सगळा घोळ या एका समजुतीतून झाला.

त्याचं असं झालं, की नातीच्या शाळेत 'ऊर्जा सप्ताह' निघाला. सप्ताह निघणं हे शाळांना अधूनमधून अंगावर पुरळ निघावं तसं होतं. चार दिवस खाज सुटते, मग आपोआप बरं वाटतं. पण या वेळच्या वर्गबाई नव्या होत्या आणि त्यांचा उत्साह अजून वापरायचा राहिला होता. मुलांनी ऊर्जा फळ्यावर न बघता डोळ्यांनी बघायची, हातांनी करायची, असं त्यांनी ठरवलं. रोज एका मुलाच्या घरचं कुणीतरी मोठं माणूस येऊन एक प्रयोग करणार. "कोणाकडचं कोण येईल?" असं त्यांनी विचारताच नातीने हात वर केला.

"माझे आजोबा येतील. विज्ञानाचं पुस्तक त्यांनीच लिहिलंय."

आजोबांनी पुस्तक लिहिलेलं नव्हतं. ते पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितशोधक होते. म्हणजे एकाने लिहिलेलं, दुसऱ्याने जुळवलेलं, तिसऱ्याने छापायच्या आधी वाचायचं आणि चुका काढायच्या. खिळा कुठे गंजतो, मेणबत्ती केव्हा विझते, बशीतलं पाणी पेल्यात कसं चढतं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पण यातली एकही गोष्ट त्यांनी जन्मात हाताने केली नव्हती. घरात दिवा बदलायचा झाला तर आजी स्टुलावर चढायच्या आणि आजोबा खाली स्टूल धरून उभे राहायचे. तेही, आजींच्या मते, नीट नाही.

"अगं, मी लिहिलं नाही. मी तपासलं," त्यांनी नातीला समजावलं.

"म्हणजे ज्यांनी लिहिलं त्यांच्या चुका तुम्ही काढल्या ना?"

"हो, पण..."

"मग तुम्ही त्यांच्याहून हुशार."

या युक्तिवादात चूक होती हे आजोबांना कळत होतं. पण ती समासात खूण करून दाखवता येण्यासारखी नव्हती.

खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते नातीने रात्रीच्या जेवणात वरणाची वाटी पुढे सरकवत सांगितलं. पहिल्या दिवशी पुढच्या बाकावरच्या मुलीचे बाबा आले होते. ते इंजिनिअर. उन्हावर धावणारी गाडी घेऊन आले. गाडी धावली, दिवे लागले, भोंगाही वाजला. फक्त तिला कोणी हात लावायचा नव्हता. आणि मधल्या सुट्टीत ती मुलगी सगळ्यांसमोर नातीला म्हणाली होती, "तुझे आजोबा काय करणार? वाचून दाखवणार?"

वर्गातल्या मुली हसल्या होत्या.

"आजोबा," नात म्हणाली, "तुम्ही असं काहीतरी करा की तिची वाचाच बसली पाहिजे."

आजोबांनी मान डोलावली. आजवर त्यांच्याकडून कोणाची वाचा बसली नव्हती. बसली तर स्वतःचीच बसायची.

त्यांनी प्रयोग निवडला तो पुस्तकातला म्हणूनच. 'जड वस्तू उंचावर टांगलेल्या दोरीला बांधावी. ती ओढून स्वतःच्या नाकाला टेकवावी व न ढकलता सोडावी. परत येताना ती नाकाला लागणार नाही. कारण सोडताना होती त्याहून अधिक ऊर्जा तिला कोठूनही मिळत नाही. प्रयोग करताना जागचे हलू नये.' या शेवटच्या वाक्यावरून त्यांचा डोळा आजवर कितीतरी वेळा फिरला होता. त्यात पूर्णविराम होता, शुद्धलेखन बरोबर होतं. याहून जास्त काळजी त्यांनी त्या वाक्याची कधी केली नव्हती.

पहिली अडचण वजनाची. स्वयंपाकघरात लोखंडी खलबत्ता होता. आजोबांनी नुसती त्याच्याकडे नजर टाकली तर आजी पाठ फिरवलेली असतानाच म्हणाल्या, "त्याच्याकडे बघूसुद्धा नका. माझा बत्ता तुमच्या नाकासाठी नाही."

मग वरच्या मजल्यावरचे मीटरकाका खाली उतरले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण त्यांना कधीच कोणी बोलावत नसे. ते वीज कंपनीच्या बिलखात्यातून निवृत्त झाले होते, त्यामुळे ऊर्जेच्या बाबतीत आपला शब्द शेवटचा, अशी त्यांची भावना होती.

"ऊर्जा म्हणजे काय ते मला विचारा," ते आरामखुर्चीत बसत म्हणाले. आजोबांच्या आरामखुर्चीत. "पुस्तकं वाचून कळत नाही ती. मी ऊर्जेची थकबाकी बघितलीय! तुम्ही असं करा, गॅसचं सिलिंडर टांगा."

"सिलिंडर?"

"भरलेलं. म्हणजे ऊर्जा आतही आणि बाहेरही. एकात दोन प्रयोग."

आतून भांडं आदळल्याचा आवाज आला. तो आजींचा अभिप्राय होता.

शेवटी माळ्यावर रंगाचा एक रिकामा पत्र्याचा डबा सापडला. कडी धड होती, झाकण घट्ट बसत होतं. आता त्यात भरायला वाळू. कोपऱ्यावर एका इमारतीचं काम चालू होतं आणि तिथे वाळूचा डोंगर होता. त्यातली डबाभर वाळू गेल्याने इमारत काही खचणार नाही, असा आजोबांचा अंदाज. पण परवानगी न घेता दुसऱ्याचा कागदसुद्धा न उचललेला हा माणूस. त्यांनी डोंगराभोवती दोन फेऱ्या मारल्या, विचारायला कोणी दिसतंय का ते पाहिलं, मग अगदी मनाविरुद्ध वाकून ओंजळभर वाळू डब्यात टाकली. आणि तेवढ्यात शिट्टी वाजली.

"ओ आजोबा! काय चाललंय?"

राखणदार होता. त्याच्या हातात काठी होती.

"वाळू... म्हणजे मी विचारणारच होतो. विज्ञानासाठी हवी होती."

"काल एक जण बागेसाठी म्हणत होता. परवा एक जण मांजरासाठी. विज्ञानासाठी पहिल्यांदाच ऐकतोय." राखणदाराने डब्यात डोकावून पाहिलं. "काय करणार?"

"नाकापासून सोडायचा. परत येतो, पण लागत नाही."

राखणदाराने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग त्याने काठी भिंतीला टेकवली, फावडं घेतलं आणि स्वतःच डबा काठोकाठ भरून दिला. "घ्या," तो हळू आवाजात म्हणाला. "घरी कोण कोण आहे तुमच्या? एकटे हिंडू नका."

आजोबा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी आले. रस्त्यात तीन ओळखीच्या माणसांनी नमस्कार केला. एकालाही परत करता आला नाही.

आता रंगीत तालीम. त्यासाठी छताला टांगायला आकडा हवा, आणि बाहेरच्या खोलीत आकडा होता तो पंख्याचा. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने पंखा उतरवला, सोफ्यावर ठेवला, "परत लावायचा असेल तेव्हा फोन करा," म्हणाला, आणि पंखा उतरवलेल्या घरांकडे इलेक्ट्रिशियन जसे परत येत नाहीत तसा गेला तो गेलाच. पंखा तीन पाती पसरून सोफ्यावर ऐसपैस बसला. आल्यागेल्याला खुर्ची देण्यात येऊ लागली. आजी एका वर्तमानपत्राने स्वतःला वारा घालत आणि दुसऱ्याने, घडी घालून, माशा मारत. माशा मारताना त्या आजोबांकडे बघत.

पहिल्या तालमीला नात, आजी आणि मीटरकाका एवढे प्रेक्षक होते. आजोबांनी डबा ओढून नाकाला टेकवला. पत्रा गार लागला. त्यांनी सोडला. डबा झोकात पलीकडे गेला, भिंतीपाशी क्षणभर थांबला आणि वळला.

छापील मजकुरात डबा परत येतो तो अर्ध्या ओळीत. खोलीत तो तसा येत नाही. तो आधी लहान असतो, मग मोठा होतो, मग फार मोठा होतो, आणि मग त्याच्याशिवाय जगात दुसरं काही उरत नाही. आजोबा मागे उडाले आणि पुस्तकांच्या कपाटावर आदळले. वरचा शब्दकोश खाली आला. नाकाला ओरखडासुद्धा आला नाही; टेंगूळ आलं ते डोक्याला मागच्या बाजूने.

"आजोबा, तुम्ही हललात," नात म्हणाली.

"जरासा."

"तुमचा नियमावर विश्वास नाही का?"

"नियमावर आहे गं. दोरीवर नाही."

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदाही तेच, पण या वेळी शब्दकोशाचा दुसरा खंड. चौथ्यांदा खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या आणि त्यांनी दारातूनच अतिशय सभ्यपणे विचारलं, "तुमच्याकडे कोणी पडतंय का सारखं?" पाचव्या वेळी आजी हातातलं वर्तमानपत्र ठेवून उठल्या. "सरका बाजूला," म्हणाल्या, डबा नाकाला लावला आणि सोडून दिला. डबा गेला, आला, त्यांच्या नाकापासून वीतभर अलीकडे थबकला आणि परत गेला. आजींची पापणीसुद्धा हलली नाही.

"चाळीस वर्षं यांच्याबरोबर काढली," त्या पदराने नाक पुसत म्हणाल्या. "डब्याला काय घाबरायचं?"

"मग आजी, तूच ये ना शाळेत," नातीच्या तोंडून निघून गेलं. आणि लगेच तिने जीभ चावली. पण आजोबांनी ते ऐकलं होतं. पोरीचा चेहरा पाहून त्यांना कळलं की ती आता डब्यापेक्षा आपल्यालाच जास्त घाबरते आहे. त्यांनी शब्दकोशाचे दोन्ही खंड उचलून जागेवर ठेवले आणि ते म्हणाले, "मीच येणार." आवाज हवा तेवढा ठाम आला नाही, पण आला.

"तुमची चूक कुठे होते सांगू?" मीटरकाका म्हणाले. "तुम्हाला दिसतो तो. चष्मा काढा. दिसलाच नाही तर घाबराल कशाला?"

आजोबांना हे पटलं. मीटरकाकांचं म्हणणं पटणं ही एक पायरी असते. तिच्यावरून घसरल्यावरच ती पायरी होती हे कळतं. आत स्वयंपाकघरात आजी आणि नात बराच वेळ काहीतरी कुजबुजत होत्या. आजोबा आत गेले तेव्हा दोघी एकदम गप्प झाल्या.

शाळेत वेगळंच वाढून ठेवलं होतं. डबा वर्गात टांगायचा तर पंखा उतरवायला हवा. वर्गबाई आजोबांना घेऊन कार्यालयात गेल्या. कारकुनाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पंखा विजेच्या खात्याचा," तो म्हणाला. "हुक बांधकाम खात्याचा. आणि दोघांच्या मधला बोल्ट कोणाचा, यावर पत्रव्यवहार चालू आहे."

"कधीपासून?"

"मी नोकरीला लागलो तेव्हा चालूच होता."

"मग मध्येच पंखा बिघडला तर?" आजोबांनी भीतभीत विचारलं.

"बिघडलेलाच आहे."

तेवढ्यात दाराशी उभा असलेला शिपाई म्हणाला, "व्हरांड्यात घंटेचा आकडा आहे की. तो कुठल्याच खात्याचा नाही."

ही शाळेची घंटा म्हणजे पितळेची जाड थाळी होती. तिला शिपायाशिवाय कोणी हात लावत नसे. एक टोला म्हणजे तास संपला, दोन म्हणजे मधली सुट्टी, आणि मोजता येणार नाहीत इतके टोले म्हणजे शाळा सुटली. मोठ्या बाई शाळा चालवतात असा बाहेर समज असला, तरी ती खरं कोण चालवतं हे आत सगळ्यांना ठाऊक होतं. शिपायाने घंटा स्वतःच्या हातांनी आकड्यावरून काढली, शेजारच्याच खुंटीवर लटकवली आणि "हिला सांभाळून हं," असं आजोबांना बजावून हाताची घडी घालून पहाऱ्याला उभा राहिला. रिकाम्या आकड्यावर दोरी चढली, दोरीला डबा लागला.

वर्ग व्हरांड्यात येऊन बसला. प्रत्येकाच्या मांडीवर वही. आजोबांनी सवयीने जवळच्या वहीत डोकावलं. 'निरीक्षण : डबा आजोबांच्या नाकाला लागला नाही. निष्कर्ष : ऊर्जा नवीन निर्माण होत नाही.' खाली समासाबाहेर बाईंची सहीसुद्धा होती.

"बाई, पण हे तर अजून व्हायचंय," आजोबा पुटपुटले.

"वेळ वाचावा म्हणून कालच लिहून घेतलं," वर्गबाई म्हणाल्या. "आणि होणारच की हो. पुस्तकातच आहे ना? तुमच्याच."

पुढच्या बाकावरची मुलगी इथेही पुढेच बसली होती. नात तिच्या शेजारी, गुडघे घट्ट आवळून.

आजोबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्याबरोबर वर्ग, बाई, शिपाई, घंटा, सगळ्यांचं मिळून एक मऊसं धुकं झालं. मनाला बरं वाटलं. त्यांनी डबा चाचपडत शोधला, ओढला, नाकाला लावला. "न... ढकलता... सोडायचा," ते मोठ्याने म्हणाले. आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या हातांनी, नको असलेल्या पाहुण्याला दार दाखवावं तसा, डबा चांगला जोर लावून दूर लोटला. तोही तिरपा. स्वतः ते दोन पावलं मागे, आणि एक पाऊल फुलझाडाच्या कुंडीत.

डबा थेट घंटेवर गेला.

ठण्ण!

तास संपला, असं सगळ्या शाळेला वाटलं. डबा गिरकी घेऊन परत फिरला. ठण्ण! मधली सुट्टी झाली. शिपाई "माझी घंटा!" असं ओरडत पुढे झेपावला, डब्याला अडवायला गेला, डब्याने त्याला चुकवलं, आणि मग दोरीला पीळ बसल्यामुळे तो डबा पेटलाच. ठण्ण, ठण्ण, ठण्ण, ठण्णठण्णठण्ण! शाळा सुटली.

एखाद्या मुलाला बाकावर हाताची घडी, तोंडावर बोट अशा अवस्थेत बसवून ठेवणं म्हणजे वजन उंचावर धरून ठेवण्यासारखंच असतं. आत काय साठलंय ते बाहेरून दिसत नाही. आता एकाच क्षणी सगळ्या शाळेतले सगळे हात सुटले. दारं भिंतींवर आपटली, जिने दणाणले. पहिलीची मुलं दप्तरांना ओढत आली, दहावीची मुलं दप्तरं विसरून आली. एक गुरुजी हातात खडू घेऊन, अर्धं समीकरण तोंडात ठेवून, मुलांच्या लोंढ्याबरोबर वाहत व्हरांड्यापर्यंत आले आणि तिथेच अडकले. ऊर्जेचं रूपांतर कसं होतं, हे त्या सप्ताहात याहून स्पष्ट कोणालाच दाखवता आलं नसतं. पण ते बघायला कोणाला उसंत नव्हती.

मोठ्या बाई आल्या. त्या चालत आल्या तरी धावत आल्यासारख्या वाटायच्या.

"घंटा कोणी वाजवली?"

शिपाई घंटेला पोटाशी धरून उभा होता. "ऊर्जेने," तो म्हणाला.

"सगळे वर्गात चला! चला म्हणते ना!"

कोणी हललं नाही. घरी जायच्या घंटेनंतर पुन्हा वर्गात जाऊन बसेल असं मूल अजून जन्माला यायचं आहे. फाटक बंद होतं, न्यायला पालक आलेले नव्हते, आणि सगळी शाळा अंगणात आणि व्हरांड्यात नुसती उकळत होती. या गदारोळात एका बारीक आवाजाने विचारलं, "बाई, निरीक्षण खोडू का?"

"का रे? डबा नाकाला लागला नाही ना?"

"नाही लागला. पण आजोबा तिथे नव्हतेच!"

आणि पुढच्या बाकावरची मुलगी, मान जराशी वळवून, नातीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "घाबरले तुझे आजोबा."

आजोबांनी कुंडीतून पाय काढला. आजवर त्यांनी दुसऱ्यांच्या इतक्या चुका सुधारल्या होत्या, पण एवढ्या मोठ्या टायपातली चूक त्यांनी पाहिली नव्हती. त्यांना वाटलं, डबा सोडवावा, गुपचूप फाटकाबाहेर पडावं, राखणदाराची वाळू परत करावी आणि उरलेलं आयुष्य शब्दकोशात काढावं. नात समोर आली. रडत नव्हती. रडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

"चष्मा घाला," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून गर्दीत दिसेनाशी झाली.

गेली, आजोबांना वाटलं. तिला माझी लाज वाटली. बरोबरच आहे.

मोठ्या बाईंनी एकदा बंद फाटकाकडे आणि एकदा डब्याकडे पाहिलं. त्या अनुभवी होत्या. "आता एवढी पोरं जमलीच आहेत," त्या आजोबांना दबक्या आवाजात म्हणाल्या, "तर तुमचं ते परत करा. लागू दे नाहीतर न लागू दे. पण यांना दोन मिनिटं एका जागी उभं करा!"

आजोबांनी चष्मा घातला. शिपाई घंटा घेऊन चार हात लांब सरला. आजोबांनी डबा नाकाला टेकवला. गलका कमी होत होत थांबला. सगळ्या शाळेचे डोळे एका नाकावर होते. त्या नाकाने जन्मात एवढं लक्ष वेधून घेतलं नव्हतं. हात इतके गार पडले होते की ढकलायचं बळच त्यांच्यात उरलं नव्हतं. बोटं नुसती सुटली.

डबा गेला. पार पलीकडे गेला, वर चढला, थांबला. काहीतरी विसरल्यासारखा क्षणभर तिथेच राहिला. आणि निघाला.

आजोबांनी मागे पाऊल टाकलं. ते टाकता आलं नाही. टाच कोणाच्या तरी बुटावर आदळली. डावीकडे सरकावं तर कोणाचं कोपर, उजवीकडे सरकावं तर दप्तर, आणि पाठीत कंपासपेटीचा कोपरा. त्यांच्या मागे पोरांची अशी भिंत उभी होती की मुंगीला मागे सरकता आलं नसतं. बसावं म्हटलं तरी जागा नव्हती. मग दुसरं काहीच करता येण्यासारखं नसल्यामुळे आजोबा जागच्या जागी उभे राहिले.

डबा मोठा झाला. फार मोठा झाला. त्यावरची अक्षरं दिसायला लागली. आणि अक्षरं दिसली की आजोबा ती वाचतात. त्याला इलाज नाही. 'एकदा लावल्यावर रग पाच वर्षे टिकतो.' अनुस्वार उडालाय, आजोबांच्या मनात आलं. 'रंग'वरचा. एवढा मोठा कारखाना, आणि एक माणूस ठेवता येत नाही? त्यांनी खिशातल्या पेन्सिलीकडे हात नेला, आणि तेवढ्यात डबा त्यांच्या नाकाच्या चार बोटं अलीकडे येऊन थबकला, आणि आल्या वाटेने परत गेला.

मग शाळेचं छप्पर उडायचंच बाकी राहिलं.

"बाई, मी खोडलं होतं!" तोच बारीक आवाज ओरडला. "आता परत लिहू?"

त्यानंतर जे झालं ते सप्ताहाच्या कुठल्याही कार्यक्रमात नव्हतं. प्रत्येकाला आपलं नाक घेऊन यायचं होतं. रांग व्हरांड्यातून जिन्यापर्यंत गेली. समीकरणवाले गुरुजी उभे राहिले आणि मागे सरले. मोठ्या बाई उभ्या राहिल्या, डोळे घट्ट मिटून, आणि नंतर कोणी विचारलं तर मिटले नव्हते असं म्हणाल्या. शिपायाने घंटेसकट उभं राहून दाखवलं. तास संपल्याचं कोणालाच कळलं नाही, कारण सांगणारी घंटा त्याच्या काखेत होती. डब्याला सगळ्यांनी हात लावला. तो महाग नव्हता.

पुढच्या बाकावरच्या मुलीची पाळी आली. तिने डबा नाकाला लावला, सोडला, आणि किंचाळून बाजूला झाली. कोणीतरी हसलं. तिचा चेहरा लाल झाला. आजोबा काहीतरी धीराचं बोलायला पुढे होत होते, तोच त्यांना नातीचा आवाज आला.

"थांब, रडू नकोस. तुझ्या मागे उभं करते सगळ्यांना. अगदी चिकटून. मग सरकताच येत नाही!" आणि तिने दहावीच्या दोन दांडग्या मुलांना हाताला धरून ओढलं. "ए दादा, तुम्ही मघासारखेच उभे राहा. आणि कंपासपेटीवाला कुठे गेला?"

आजोबा होते तिथेच थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

घरी जाताना रस्त्यात त्यांनी विषय काढायचा तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा जमलं.

"म्हणजे मघाशी तू गर्दीत गेलीस ती..."

"मुलं गोळा करायला," नात म्हणाली. तिच्या हातात रिकामा डबा होता. वाळू शाळेच्या मैदानावर गेली होती. "तुमच्या मागे जागा ठेवायची नाही. आजीने सांगून ठेवलं होतं. तुम्ही पहिल्यांदा हललात तर करायचं, असं ठरलं होतं आमचं."

दार आजींनी उघडलं. हातात तेच वर्तमानपत्र. "हलले?" त्यांनी नातीला विचारलं.

"पहिल्यांदा हलले. कुंडीत गेले. दुसऱ्यांदा नाही."

"अगं, नाही म्हणजे, हलता आलंच नाही," आजोबा म्हणाले. चूक तशीच राहू देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "मागे जागाच नव्हती. माझं त्यात काही..."

"नव्हतीच," आजी म्हणाल्या. "लग्नातही नव्हती. तुमच्या मागे तुमचे चारही भाऊ उभे केले होते मामंजींनी. मी बघत होते."

नात जोरात हसली. आजोबांनी तिच्या हातातला डबा घेऊन कोपऱ्यात ठेवला. आणि सोफ्यावर, पंख्याच्या दोन पात्यांमध्ये जेवढी जागा उरली होती, तेवढ्यात जाऊन बसले.